मंगळवारची सहाची वेळ : पुण्यात समुपदेशनाची स्वतंत्र प्रॅक्टिस उभी करताना

एखादी व्यक्ती दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता तुमच्यासमोर येऊन बसू लागते, तेव्हा पुढच्या मंगळवारीही तीच खोली, तीच खुर्ची आणि तुम्ही तिथे असाल, हे तिने मनोमन गृहीत धरलेले असते. उपचाराचा निम्मा भार हा भरवसा वाहतो आणि तो भरवसा जागेचे भाडे, फी, सुट्ट्या, कर आणि कागदपत्रे यांवर उभा असतो. आपल्याकडे मात्र दुसऱ्याच्या दुःखाशी संबंधित कामात पैशाचा विषय काढणे हलकेपणाचे समजले जाते. परिणामी चांगले शिकलेले समुपदेशकही फी पुटपुटत सांगतात, दोन वर्षे ओढाताण करतात आणि शेवटी एखाद्या कंपनीत नोकरी धरतात. मी बंद पडताना पाहिलेल्या बहुतेक प्रॅक्टिस ज्ञानाच्या नव्हे, हिशेबाच्या अभावी बंद पडल्या, आणि प्रत्येक वेळी काही क्लायंट अर्ध्या वाटेवर सुटले.

मानसशास्त्रात एम. ए. किंवा त्यापुढचे शिक्षण घेऊन, संस्थेत वा रुग्णालयात काही वर्षे काम करून आता स्वतःची खोली घेऊ पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. औषधे लिहिणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना लागू होणारे नियम वेगळे असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

पायरी १ : पाटीवर काय लिहायचे ते आधी ठरवा

पाटी, लेटरहेड आणि पावती यांवरचे पदनाम ही कायदेशीर बाब आहे. १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, ज्यांची नोंदणी आहे त्यांनीच स्वतःला ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यावे आणि पदनामाखाली नोंदणी क्रमांक छापावा. नोंदणी नसलेल्यांनी ‘मानसशास्त्रज्ञ’ किंवा ‘समुपदेशक’ असे लिहून पुढे पदवी स्पष्ट नमूद करावी. आरसीआयच्या कक्षेबाहेरच्या मानसशास्त्रज्ञांचा आणि समुपदेशकांचा समावेश २०२१च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोग कायद्यात करण्यात आला आहे, त्यामुळे त्या नोंदणीच्या हालचालींवर लक्ष ठेवणे आता कामाचाच भाग झाले आहे. पीएच. डी.मुळे नावामागे ‘डॉ.’ लागत असेल, तर आपण औषधे देत नाही हे पहिल्याच फोनवर सांगावे. पुष्कळ लोक गोळ्यांच्या अपेक्षेने येतात आणि तासाभराच्या बोलण्यानंतर ‘मग चिठ्ठी कधी देणार?’ असे विचारतात.

२०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू झाला. त्यानुसार करावी लागणारी आस्थापनेची नोंदणी रुग्णांना दाखल करून ठेवणाऱ्या जागांसाठी आहे, तासाभराने घरी जाणाऱ्या क्लायंटच्या समुपदेशन खोलीसाठी नाही. तरीही त्या कायद्यातले कलम २३, म्हणजे गोपनीयतेचा हक्क, एकदा मुळातून वाचावे. पुढच्या काही पायऱ्यांमध्ये त्याचा संबंध येणार आहे.

पायरी २ : फी ठरवण्याआधी वर्ष मोजा

फी किती घ्यावी याचे उत्तर शेजारचा समुपदेशक किती घेतो यावरून मिळत नाही. ते आपल्या स्वतःच्या वर्षातून काढावे लागते. उदाहरणासाठी काही आकडे धरू, प्रत्येकाने ते आपल्यापुरते बदलावेत.

महिन्याचा खर्च असा समजा : खोलीचे भाडे १८,०००, वीज, इंटरनेट व साफसफाई ४,०००, महिन्यातून दोनदा सुपरव्हिजन (अनुभवी समुपदेशकाकडून आपल्या कामाचा आढावा) ३,०००, सी. ए., व्यावसायिक विमा आणि फोन २,५००. प्रशिक्षण व पुस्तके २,५००. एकूण ३०,००० रुपये. घरासाठी ५०,००० हवेत, कर आणि आजारपणाची तजवीज म्हणून १२,००० बाजूला पडायला हवेत. म्हणजे महिन्याला ९२,००० रुपये यायला हवेत.

आता सेशन मोजू. वर्षाचे ५२ आठवडे असले, तरी दिवाळी, गणपती, मे महिना आणि स्वतःचा ताप-सर्दी वजा जाता ४६च आठवडे हातात राहतात. आठवड्याला १६ वेळा ठरलेल्या असतील आणि त्यांतल्या २० टक्के रद्द होत असतील, तर प्रत्यक्षात १३च्या आतबाहेर सेशन होतात. वर्षाला सुमारे ५८९, महिन्याला सरासरी ४९. ९२,००० भागिले ४९ केल्यावर सुमारे १,८७८ येतात, म्हणजे सेशनमागे सरासरी १,९०० रुपये.

सरासरी हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. १३पैकी ३ जणांकडून तुम्ही ८०० रुपयेच घेणार असाल, तर उरलेल्या १० जणांची फी २,२३० ठेवावी लागेल. सवलत ही आपल्या मोठ्या मनातून येते असे वाटत असते. हिशेबात ती त्या दहा जणांच्या खिशातून येते. म्हणून सवलतीच्या जागा किती, हे वर्षाच्या सुरुवातीला ठरवून वहीत लिहावे. त्या भरल्या की पुढच्या व्यक्तीला ‘सध्या जागा नाही, तीन महिन्यांनी विचारा’ असे सांगून कमी खर्चाच्या संस्थेचे नाव द्यावे. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून दर वेळी नवा आकडा सांगण्यापेक्षा हे अधिक न्याय्य आहे.

पुण्यात आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. नोकरदार क्लायंटला संध्याकाळी सहा ते नऊ हीच वेळ हवी असते आणि हिंजवडीहून किंवा खराडीहून येणाऱ्याचा जो वेळ रस्त्यात जातो, तो पाहता सहाची वेळही पुष्कळांना साधत नाही. संध्याकाळच्या तीन वेळा आणि पाच दिवस धरले, तर अशा वेळा १५च निघतात. दुर्मीळ आहेत त्या या १५ वेळा, तुमचे तास नव्हेत. सकाळचे अकरा आणि दुपारचे बारा रिकामेच असतात. सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मात्र तीच वेळ सोयीची असते, आणि सवलतीची गरजही बहुतेकदा त्यांनाच असते. सवलतीच्या जागा सकाळी ठेवल्या, की संध्याकाळच्या पूर्ण फीला धक्का लागत नाही. (एक ते चार बंद ठेवण्याची परंपरा आपल्याही व्यवसायाने पाळावी, असे माझे प्रामाणिक मत आहे, सलग सात सेशन ऐकणारा माणूस सातव्याला ऐकत नसतो.)

पायरी ३ : जागा कानांनी निवडा

माझी पहिली खोली पेठेत दुसऱ्या मजल्यावर, एका खानावळीच्या वर होती. भाडे परवडणारे होते. दोन खोल्यांमध्ये प्लायवुडची भिंत आहे, याचा अर्थ मला तेव्हा समजला, जेव्हा एक बाई आपल्या लग्नाविषयी बोलता बोलता शेजारून खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकून गप्प झाल्या आणि त्या विषयाकडे पुढचे दोन महिने परत फिरल्या नाहीत. तेव्हापासून जागा पाहायला जाताना मी सोबत कुणाला तरी नेते. त्यांना आत बसवून साध्या आवाजात बोलायला सांगायचे आणि आपण दाराबाहेर, शेजारच्या खोलीत आणि जिन्यात उभे राहून ऐकायचे. शब्द कळले तर ती जागा नको. दाराच्या फटीला रबरी पट्टी, जाड पडदे आणि बाहेर चालू ठेवलेला पंखा यांनी थोडा फरक पडतो, पण प्लायवुडची भिंत त्यांनी विटांची होत नाही.

पावसाळ्याच्या आधी जागा पाहत असाल, तर जवळपास ढोल-ताशा पथकाचा सराव होतो का, हे चौकशी करून घ्यावे. नदीपात्राजवळच्या आणि शाळांच्या मैदानांलगतच्या जागा एरवी शांत असतात आणि गणपतीआधीचे काही आठवडे संध्याकाळी तिथे स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. पेठांमध्ये उत्सवाच्या दहा दिवसांत रस्ते बंद असतात, त्या काळापुरते ऑनलाइन सेशन आधीच ठरवून ठेवावेत.

पुणे मोठे झाले, तरी ओळखीपाळखींच्या बाबतीत अजून गावच आहे. एका क्लायंटने बाहेर पडताना जिन्यात आपल्या नणंदेच्या शेजारणीला पाहिले, की दोघीही पुन्हा येताना दहा वेळा विचार करतात. ५० मिनिटांचे सेशन आणि पुढचा क्लायंट २० मिनिटांनी, असे वेळापत्रक ठेवले तर दोघांची गाठ सहसा पडत नाही. इमारतीत इतर दवाखाने, वकील किंवा सी. ए. असतील तर उत्तमच, कारण जिना चढणारा माणूस कुणाकडे निघाला आहे ते कळत नाही. वनाझ–रामवाडी किंवा पिंपरी-चिंचवड–स्वारगेट या मेट्रो मार्गांपासून चालत येण्याजोगी जागा मिळाली, तर उशिरा पोहोचणाऱ्यांची संख्या कमी होते.

सुरुवातीला पूर्ण महिन्याची खोली घेण्याची घाई करू नये. एखाद्या डॉक्टरांच्या किंवा सहकाऱ्याच्या खोलीत तासावर जागा मिळत असेल, तर वरच्या उदाहरणातले ४९ सेशन तासाला २०० रुपयांनी ९,८०० रुपयांत बसतात, म्हणजे महिन्याला ८,२०० वाचतात. मात्र तीच वेळ आणि तीच खोली कायम मिळेल, हे लेखी घ्यावे. स्वतंत्र जागा घेताना लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे. करार सहसा अकरा महिन्यांचे केले जातात, पण तसे बंधन नाही. तीन वर्षांचा करार मिळत असेल तर घ्यावा, कारण दर वर्षी पत्ता बदलणारी प्रॅक्टिस पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. निवासी सोसायटीतला फ्लॅट असेल, तर व्यावसायिक वापराला सोसायटीची लेखी संमती घेतल्याशिवाय अनामत रक्कम देऊ नये.

पायरी ४ : नोंदणी आणि कर

हा भाग कंटाळवाणा असला, तरी दोन-तीन दिवसांत उरकण्यासारखा आहे. एकट्याने चालणाऱ्या आस्थापनेला शॉप अ‍ॅक्टखाली परवाना काढावा लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यावी लागते आणि तिची पोचपावती बँकेत चालू खाते उघडायला उपयोगी पडते. व्यवसाय करासाठी नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे. ती करून देण्याचे पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे.

घरखर्चाचे आणि प्रॅक्टिसचे खाते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे. ठरावीक व्यवसायांना ५० लाखांपर्यंतच्या जमेवर, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत, निम्मी रक्कम नफा मानून कर भरण्याची सोय आयकर कायद्यात आहे. त्या यादीत ‘वैद्यकीय’ व्यवसाय येतो; आपली पदवी आणि नोंदणी त्यात बसते का, हे सी. ए.कडून लेखी घ्यावे. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे आणि वरच्या उदाहरणातली जमा ११ लाखांच्या आसपास असल्याने त्या मर्यादेच्या बरीच आत राहते. मात्र कंपन्यांमध्ये कार्यशाळा घेत असाल, तर ते उत्पन्नही याच २० लाखांत मोजले जाते. आरोग्यसेवेला मिळणारी जीएसटीची सूट कार्यशाळेला मिळेल असे गृहीत धरू नये. कंपन्या बिलातून १० टक्के टीडीएस कापतात, तो आयकराच्या संकेतस्थळावर जमा दिसतो आहे ना, हे दर तिमाहीला पाहावे.

पायरी ५ : फी कशी सांगायची, कशी घ्यायची

सगळ्यात जास्त अडखळणे येथेच होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

फी पहिल्या फोनवर सांगावी, ती व्यक्ती समोर येऊन रडून झाल्यावर नव्हे. ‘एका सेशनची फी २,२०० रुपये आहे, सेशन ५० मिनिटांचे असते आणि साधारण आठवड्यातून एकदा भेटावे लागते’ असे एका दमात सांगून थांबावे. थांबणे अवघड जाते. ‘पण तुम्हाला जमत नसेल तर…’ हे शब्द आपोआप तोंडातून बाहेर पडतात, आणि त्याच क्षणी समोरच्याला कळते की सांगितलेला आकडा खरा नव्हता. कुणी ‘काही कमी होईल का?’ असे विचारले, तर सवलतीची जागा शिल्लक आहे की नाही एवढेच सांगावे. घासाघीस करणाऱ्याचा राग धरू नये, मंडईत वाढलेल्या शहरात तो प्रश्न अपमानासाठी विचारलेला नसतो.

रद्द केलेल्या सेशनचा नियम संमतीपत्रात असावा आणि तोंडीही सांगावा. मी वापरत असलेला मजकूर असा आहे : ‘आपली वेळ आपल्यासाठी राखून ठेवलेली असते. २४ तास आधी कळवल्यास फी लागत नाही. त्यानंतर कळवल्यास किंवा न कळवता न आल्यास पूर्ण फी लागते. आजारपण, अपघात आणि घरातील मृत्यू यांचा अपवाद केला जाईल.’ हा नियम पहिल्यांदा लागू करण्याची वेळ येईल, तेव्हा पुढच्या सेशनमध्ये त्यावर बोलावे. एका तरुणाकडून मी तीन वेळा फी घेतली नाही, आणि चौथ्या वेळी त्याने सांगितले की मी आलो काय, न आलो काय, तुम्हाला फरक पडत नाही असे मला वाटत होते. मी सौजन्य समजत होते, त्याने ते दुर्लक्ष म्हणून वाचले होते.

मुलगा पंचवीस वर्षांचा आहे आणि फी वडील देतात, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती आहे. वडिलांना पावती मिळेल, मुलगा आला की नाही एवढेही मुलाच्या संमतीशिवाय कळणार नाही, हे पहिल्या भेटीत दोघांसमोर सांगावे. ‘पैसे मी देतोय’ या वाक्याला तयार उत्तर असू द्यावे. माझे असते, ‘काका, तुम्ही पैसे देताय म्हणून तर तो बोलू शकतोय. मी त्याचे बोलणे तुम्हाला सांगायला लागले, तर तुमचेच पैसे वाया जातील.’ नातेवाईक, मैत्रिणींची मुले आणि शेजारी यांना मात्र सवलतीच्याच नव्हे, पूर्ण फीच्या जागीही घेऊ नये. ओळखीतल्या माणसाला दुसऱ्या सहकाऱ्याकडे पाठवणे हीच त्याची खरी सोय असते.

पैसे यूपीआयने घेणे सोयीचे आहे, पण मिळालेली रक्कम मोठ्याने जाहीर करणारे यंत्र खोलीत किंवा बाहेर ठेवू नये. प्रत्येक सेशनच्या शेवटी फी घ्यावी. महिनाअखेरीला एकत्र घेण्याची सवय लागली, की उधारी साचते आणि साचलेल्या उधारीच्या लाजेपोटी माणसे येणे थांबवतात.

पायरी ६ : कागद, फोन आणि गुप्तता

संमतीपत्र मराठीत असावे आणि दोन पानांच्या आत संपावे. गोपनीयता कुठे संपते, हे त्यात स्पष्ट लिहावे : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती. शेवटच्या बाबतीत २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवल्यास शिक्षेची तरतूद आहे. हे आधी न सांगता ऐन वेळी सांगितले, तर समोरच्याला विश्वासघात वाटतो.

नाव-पत्त्याची नोंद एका जागी आणि सेशनच्या नोट्स केवळ क्रमांकाने दुसऱ्या जागी ठेवाव्यात. नोट्स लिहिताना त्या उद्या क्लायंट स्वतः वाचेल किंवा न्यायालयात मागवल्या जातील, असे समजूनच लिहाव्यात. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा लक्षात घेता, कोणती माहिती कशासाठी घेतो आणि किती काळ ठेवतो, याच्या दोन ओळी संमतीपत्रात घालाव्यात. कामासाठी वेगळा नंबर घ्यावा, नाहीतर क्लायंटला तुमच्या भाचीच्या बारशाचे फोटो स्टेटसवर दिसतात. व्हॉट्सअ‍ॅप वेळ ठरवण्यापुरतेच वापरावे आणि रात्री आठनंतर उत्तर मिळणार नाही, हे सांगून ते पाळावे.

इंटरनेटवर कुणी वाईट अभिप्राय लिहिला, तर त्याला उत्तर देण्याचा मोह आवरावा. ‘आपण तीनदाच आलात’ एवढे लिहिले, तरी ती व्यक्ती तुमच्याकडे येत होती हे तुम्ही जगजाहीर केलेले असते.

पायरी ७ : पाठवण्याची माणसे आधी जोडा

क्लायंट मिळवण्यासाठी लोक जाहिरातीवर खर्च करतात. माझ्या अनुभवात चांगले क्लायंट तीन-चार मानसोपचारतज्ज्ञ, एक-दोन फॅमिली डॉक्टर आणि एखादी शाळा यांच्याकडूनच येतात. त्यांना प्रत्यक्ष भेटावे, आपण कोणत्या प्रकारची कामे घेतो आणि कोणती घेत नाही हे एका पानावर लिहून द्यावे. पाठवलेल्या व्यक्तीबद्दल तिच्या संमतीने चार ओळींचे पत्र परत पाठवावे, कारण डॉक्टर ते पत्र लक्षात ठेवतात. क्लायंट पाठवल्याबद्दल कट मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा, आणि आपणही कुणाकडून घेऊ नये.

उलट दिशेची यादी त्याहून महत्त्वाची आहे. औषधांची गरज वाटल्यास कुणाकडे, व्यसनमुक्तीसाठी कुणाकडे (येरवड्याचे ‘मुक्तांगण’ १९८६पासून हेच काम करते), रात्री-अपरात्री धोका उद्भवल्यास कोणत्या रुग्णालयात, हे कागदावर तयार असावे. ससून रुग्णालयाचा मनोविकृतिशास्त्र विभाग आणि १४४१६ ही टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची हेल्पलाइन यांची नोंद क्लायंटला दिलेल्या संमतीपत्राच्या मागेच छापलेली असली, म्हणजे शोधाशोध करावी लागत नाही.

पायरी ८ : तुम्ही नसाल त्या मंगळवारची सोय

सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीला ठरवून किमान महिनाभर आधी सांगाव्यात. अचानक अपघात झाला किंवा मृत्यू आला तर काय, याची सोय मात्र फार थोडे जण करतात. एका विश्वासू सहकाऱ्याशी परस्पर करार करावा : एका बंद पाकिटात चालू क्लायंटची नावे, फोन नंबर आणि ठरलेल्या वेळा, कपाटाच्या किल्लीची जागा, आणि कुणाला आधी फोन करायचा याची सूचना. या व्यवस्थेची संमती क्लायंटकडून संमतीपत्रातच घेऊन ठेवावी. घरच्यांना पाकीट कुणाकडे आहे एवढेच माहीत असावे. ते उघडण्याचा अधिकार त्यांना नसावा. यादी जुनी झाली तर पाकिटाचा उपयोग नाही, म्हणून ती सहा महिन्यांनी बदलावी. मी आणि माझी सहकारी गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला एकमेकींची पाकिटे बदलतो आणि जुनी तिथल्या तिथे फाडून टाकतो.